पिझ्झ्याच्या प्रादेशिक शैली आणि सर्वोत्तम पिझ्झ्याचे शहर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगातील सर्वोत्तम पिझ्झा कोणत्या शहरात मिळतो?

माझे उत्तर इटलीतील नेपल्स असे आहे. एखाद्या शहराचा पिझ्झा तेथील सर्वांत गाजलेल्या दुकानावरून जोखू नये. ज्या दुकानाचे नाव कोणत्याही यादीत नाही आणि जिथे शेजारपाजारची माणसे रोज रात्री जेवायला येतात, त्या दुकानावरून जोखावा, असे मला वाटते. या कसोटीवर नेपल्सच्या जवळपास कोणी पोहोचत नाही. तिथे साध्या वस्तीतल्या साध्या पिझ्झेरियातही पीठ नीट आंबवलेले असते, भट्टी पुरेशी तापलेली असते आणि पिझ्झा भाजणाऱ्याचा हात वर्षानुवर्षे त्याच कामात मुरलेला असतो. याच कसोटीवर दुसरा क्रमांक मी न्यूयॉर्कला देतो, कारण तिथे रस्त्यावरून चालता चालता विकत घेतलेला एक तुकडाही सहसा निराश करत नाही.

मात्र प्रश्न बदलून ‘एका गल्लीत सर्वांत उंच दर्जा कुठे आढळतो’ असे विचारले, तर मी अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन या लहानशा शहराचे नाव घेईन. त्याची कारणे पुढे दिली आहेत.

पीठ, टोमॅटो आणि चीज सगळीकडे सारखेच असताना इतक्या वेगवेगळ्या शैली का निर्माण झाल्या?

मुख्य कारण भट्टी हे आहे. इंधनावर भट्टीचे तापमान ठरते आणि तापमानावर भाजण्याचा वेळ ठरतो. पिठात पाणी किती घालावे, तेल आणि साखर घालावी की नाही, चीज वर ठेवावे की खाली, हे सगळे त्या वेळेवर अवलंबून असते. सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापलेल्या लाकडाच्या भट्टीत पिझ्झा दीड मिनिटात तयार होतो. तेवढ्या वेळात पिठातले पाणी फारसे उडून जात नाही, त्यामुळे तो मऊ राहतो आणि त्याला तेलाची गरज पडत नाही. तोच पिझ्झा अडीचशे अंशांच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटे ठेवला, तर तो वाळून कडक होतो. म्हणून कमी तापमानावर भाजणाऱ्या शैलींमध्ये पिठाला मऊपणा यावा म्हणून तेल आणि रंग यावा म्हणून थोडी साखर घातली जाते. अर्धा तास भाजावा लागणाऱ्या जाड पिझ्झ्यात चीज वर ठेवले तर ते करपते, म्हणून ते तळाशी जाते आणि टोमॅटो वर येतो.

स्थलांतरित इटालियन माणसे ज्या ज्या गावी गेली, तिथे त्यांना जी भट्टी, जे पीठ आणि जे दूध मिळाले, त्यातून त्या गावाची शैली घडली. त्यामुळे एका गावाची कसोटी दुसऱ्या गावाच्या पिझ्झ्याला लावणे मला अन्यायाचे वाटते.

अस्सल नेपल्स पद्धतीचा पिझ्झा कोणता, हे कोण ठरवते?

१९८४ मध्ये नेपल्समध्ये ‘असोसियात्सिओने वेराचे पिझ्झा नापोलेताना’ ही संस्था स्थापन झाली आणि तिने नियम लिहून काढले. पिठात मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढेच असावे; उंडा हातानेच पसरावा, लाटणे वापरू नये; पिझ्झ्याचा व्यास ३५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावा, मधला भाग जेमतेम पाव सेंटिमीटर जाडीचा असावा आणि काठ एक ते दोन सेंटिमीटर फुगलेला असावा; भाजण्यास ६० ते ९० सेकंद लागावेत. मूळ नियम लाकडाच्या भट्टीचा आहे, परंतु आता संस्थेने पारखून घेतलेल्या काही गॅसच्या आणि विजेच्या भट्ट्यांनाही मान्यता मिळाली आहे. युरोपीय संघाने २०१० मध्ये या पिझ्झ्याला पारंपरिक वैशिष्ट्यपूर्ण पदार्थ म्हणून संरक्षण दिले, तर २०१७ मध्ये युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा कारागिरांची कला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केली. युनेस्कोने पदार्थाचा नव्हे तर कारागिरीचा गौरव केला, ही गोष्ट मला फार योग्य वाटते, कारण हाच मैदा आणि हेच टोमॅटो दुसऱ्याच्या हाती दिले तर तोच पिझ्झा होईल याची शाश्वती नसते.

नियमांमध्ये दोनच पिझ्झे मूळ मानले आहेत. मारिनारा म्हणजे टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल, चीज मुळीच नाही. आणि मार्गारीटा म्हणजे टोमॅटो, मोझरेला, बेसिल आणि ऑलिव्ह तेल. मोझरेला गाईच्या दुधाचे असू शकते किंवा कांपानिया प्रांतातील म्हशीच्या दुधाचे. कोणत्याही नव्या पिझ्झेरियाची परीक्षा घ्यायची असेल तर मारिनारा मागवावा, असे मी आवर्जून सांगतो. चीज नसल्यामुळे पिठातला किंवा टोमॅटोतला कोणताही दोष त्यात लपत नाही.

नेपल्सचा पिझ्झा मध्यभागी ओलसर असतो आणि काठावर काळे डाग असतात. तो कच्चा किंवा करपलेला असतो का?

दोन्ही नाही. जेमतेम दीड मिनिट भाजल्यामुळे टोमॅटोचा रस आणि मोझरेलातले पाणी आटत नाही, म्हणून मधला भाग ओलसर राहतो आणि तिथला माणूस तो काट्यासुरीने किंवा चार पदरी घडी घालून खातो. काळे डाग हे प्रचंड उष्णतेने पिठातील फुगे चटकन भाजल्याचे चिन्ह आहे. निखाऱ्यावर फुगवलेल्या भाकरीवर जसे डाग पडतात, तसेच हे. डाग विखुरलेले आणि लहान असावेत, ही मात्र खरी अट आहे. तळ सलग काळा पडला असेल तर भट्टीची फरशी जास्त तापली किंवा पिझ्झ्याखाली कोरडे पीठ जळले, असे समजावे.

परदेशी गेलेले आपल्याकडील अनेक जण या पिझ्झ्यावर नाराज होतात, कारण त्यांची अपेक्षा कुरकुरीत तळाची आणि भरगच्च चीजची असते. त्यांनी रोममध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये जेवावे. ती अपेक्षा चुकीची नाही, फक्त ती नेपल्सकडून ठेवता येत नाही.

राणी मार्गारीटाच्या नावाची कथा खरी आहे का?

१८८९ मध्ये राफाएले एस्पोझितो या पिझ्झा कारागिराने इटलीच्या राणीसाठी राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांचा पिझ्झा बनवला आणि त्याला तिचे नाव दिले, अशी कथा सांगितली जाते. तिच्या पुष्ट्यर्थ दाखवल्या जाणाऱ्या पत्राच्या खरेपणाबद्दल इतिहासकारांनी गंभीर शंका घेतल्या आहेत, आणि टोमॅटो, मोझरेला व बेसिल घातलेल्या पिझ्झ्याची वर्णने त्याआधीचीही सापडतात. म्हणून नावाची कथा ऐकावी, पण पदार्थाचा जन्म त्या दिवशी झाला असे मानू नये. त्याचे खरे जनक नेपल्सचे गरीब कष्टकरी होते, ज्यांना स्वस्त, पोटभर आणि रस्त्यावर उभ्या उभ्या खाता येईल असे अन्न हवे होते.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईतही हेच दिसले. त्या काळात नेपल्समध्ये तळलेल्या पिझ्झ्याला बहर आला, कारण त्यासाठी भट्टी लागत नव्हती, तेलाची कढई पुरत होती. बायका तो आपल्या दारात तळून उधारीवर विकत. आज खा आणि आठ दिवसांनी पैसे द्या, अशी ती रीत होती. नेपल्सला जाणाऱ्याने हा पिझ्झा चुकवू नये.

रोमचा पिझ्झा नेपल्सपेक्षा कसा वेगळा आहे?

रोममध्ये दोन वेगळ्या परंपरा आहेत. पहिली बशीत मिळणाऱ्या गोल पिझ्झ्याची: पिठात थोडे तेल असते, ते लाटण्याने पातळ लाटले जाते आणि तळ पापुद्र्यासारखा कडक भाजला जातो. दुसरी आयताकृती ट्रेमध्ये भाजलेल्या पिझ्झ्याची, जो कात्रीने कापून वजनावर विकला जातो. या दुसऱ्या परंपरेला पिझ्झा कारागीर गाब्रिएले बोंची यांनी २००३ मध्ये व्हॅटिकनजवळ सुरू केलेल्या छोट्या दुकानातून नवी प्रतिष्ठा मिळवून दिली. भरपूर पाण्याचे, थंडीत दीर्घकाळ आंबवलेले पीठ आणि ऋतूप्रमाणे बदलणारी भाजी ही त्यांची ओळख आहे. मला रोमचा गोल पिझ्झा चांगला वाटतो, पण ट्रेचा पिझ्झा हे त्या शहराचे मोठे योगदान वाटते.

सिसिलीचा पिझ्झा म्हणजे जाड चौकोनी पिझ्झा का?

अमेरिकेत या नावाने तोच मिळतो. त्याचे मूळ सिसिलीची राजधानी पालेर्मो येथील स्फिंचोने या पदार्थात आहे: स्पंजासारखा जाड पाव, त्यावर भरपूर कांदा घालून शिजवलेला टोमॅटो, अँचोव्ही मासे, काचोकावालो चीज आणि भाजलेल्या पावाचा चुरा.

न्यूयॉर्कच्या पिझ्झ्याची चव तिथल्या पाण्यामुळे येते, हे खरे आहे का?

न्यूयॉर्कचे पाणी मृदू आहे आणि पाण्यातील क्षारांचा ग्लुटेनवर, म्हणजे पिठाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनावर, काही परिणाम होतो, एवढे खरे आहे. पण पिझ्झा ओळखता यावा इतका फरक पाण्याने पडत नाही. तो फरक जास्त प्रथिनांच्या पिठाने, फ्रीजमध्ये एक-दोन दिवस आंबवलेल्या उंड्याने आणि भट्टीने पडतो.

या शहरात पिझ्झा दक्षिण इटलीतून आलेल्या स्थलांतरितांनी आणला. मॅनहॅटनच्या लिट्ल इटली भागातील लोम्बार्डीज या दुकानाचा आरंभ १९०५ चा मानला जातो आणि अमेरिकेतला पहिला पिझ्झेरिया म्हणून त्याचेच नाव घेतले जाते, जरी त्याआधीही तिथे पिझ्झा विकला जात होता असे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे. सुरुवातीच्या भट्ट्या कोळशाच्या होत्या आणि पिझ्झा अख्खाच विकला जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर गॅसवर चालणाऱ्या, कप्प्यांच्या भट्ट्या आल्या आणि सगळे बदलले. या भट्ट्या स्वस्त होत्या, कमी जागेत बसत होत्या आणि चालवायला सोप्या होत्या. त्यांच्यात तीनशे अंशांच्या आसपास भाजलेला मोठा पिझ्झा तासभर काउंटरवर ठेवता येई आणि तुकडा मागितला की पुन्हा मिनिट-दोन मिनिटे तापवून देता येई. त्यासाठी ओलसर ताज्या मोझरेलाऐवजी कमी पाण्याचे, लवकर न नासणारे मोझरेला आले. अठरा इंची पिझ्झा, त्याचे आठ तुकडे, तुकडा मधोमध दुमडून एका हाताने खाणे, ही घाईत असलेल्या शहराची सोय होती आणि तीच त्याची शैली झाली.

न्यू हेवनच्या पिझ्झ्याचे एवढे कौतुक का?

कारण तिथे जुनी कोळशाची भट्टी टिकली. १९२५ मध्ये फ्रँक पेपे यांनी वूस्टर स्ट्रीटवर दुकान उघडले, १९३८ मध्ये त्याच रस्त्यावर सॅलीज सुरू झाले, आणि थोड्या अंतरावरचे मॉडर्न नावाचे दुकानही त्याच पिढीतले आहे. कोळशाच्या कोरड्या, तीव्र आचेत पिझ्झा नेपल्सपेक्षा जास्त वेळ राहतो, म्हणून त्याचा तळ पातळ आणि कुरकुरीत होतो, पण आतून चिवटपणा टिकतो आणि कडा गडद भाजल्या जातात. आकार वेडावाकडा, लांबट असतो आणि तो कागद अंथरलेल्या ट्रेवर समोर येतो.

तिथला साधा पिझ्झा म्हणजे टोमॅटो, किसलेले कडक चीज आणि ऑलिव्ह तेल. मोझरेला हवे असेल तर वेगळे सांगावे लागते. पेपे यांच्या दुकानाचा पांढरा पिझ्झा तर टोमॅटोही वापरत नाही. त्यावर ताजे शिंपले, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल आणि पेकोरिनो चीज एवढेच असते. कोकण आणि गोव्याच्या वाचकांना तिसऱ्या या शिंपल्यांची गोडी सांगण्याची गरज नाही. त्याच जातकुळीतले शिंपले जाळावर भाजलेल्या पातळ पावावर लसणासोबत येतात तेव्हा चीज फक्त खारटपणापुरते उरते आणि समुद्राची चव पुढे राहते. समुद्राकाठच्या गावाने आपल्याच किनाऱ्यावरची वस्तू घेऊन स्वतःचा वेगळा पिझ्झा घडवला आणि तरीही तो इटालियन वृत्तीचाच राहिला, हे मला प्रादेशिक शैलीचे सर्वांत सुंदर उदाहरण वाटते.

शिकागोचा डीप डिश हा खरोखर पिझ्झा आहे का?

आहे, पण तो वेगळ्या मापाने जोखावा लागतो. १९४३ मध्ये पिझ्झेरिया उनो येथे त्याची सुरुवात झाली असे मानले जाते. खोलगट, तेल लावलेल्या भांड्यात पीठ काठापर्यंत चढवतात. तळाशी मोझरेला, त्यावर सॉसेज किंवा भाजी आणि सर्वांत वर टोमॅटोचा जाडसर गर घालतात. भाजण्यास अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. पिठात स्निग्धांश बराच असल्याने कवच खुसखुशीत होते. त्यात पीठ हे मुख्य अन्न राहत नाही, ते भांडे होते, आणि माझा आक्षेप एवढाच आहे. पिझ्झा हा माझ्या मते मुळात पावाचा प्रकार आहे.

शहरातले लोक रोजच्या खाण्यात डीप डिशपेक्षा दुसरीच शैली जवळची मानतात. तिथल्या मद्यालयांमध्ये वाढलेला हा पिझ्झा पापडासारखा पातळ असतो आणि गोल असूनही चौकोनी तुकड्यांत कापला जातो. शिकागोला जाणाऱ्याने दोन्हींपैकी एकच निवडायचा असेल, तर मी हा पातळ पिझ्झा सुचवेन.

डेट्रॉइटची शैली अचानक सगळीकडे का दिसू लागली?

कारण ती सामान्य ओव्हनमध्ये उत्तम जमते. १९४६ मध्ये डेट्रॉइटच्या बडीज या ठिकाणी गस गुएरा यांनी सिसिलीच्या धाटणीचे जाड पीठ मोटार कारखान्यांत सुटे भाग ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पोलादी ट्रेमध्ये भाजले, असे सांगितले जाते. विस्कॉन्सिन राज्यातले ब्रिक नावाचे चीज ट्रेच्या कडेपर्यंत पसरतात, ते तापलेल्या धातूला चिकटून तपकिरी, कुरकुरीत भिंत तयार होते आणि सॉस चीजच्या वर पट्ट्यांमध्ये ओततात. कोपऱ्याच्या तुकड्यासाठी घरोघरी भांडणे होतात, आणि ती योग्यच आहेत.

अननसाचा हवाईयन पिझ्झा हवाईचा आहे का?

नाही. तो १९६२ मध्ये कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात, ग्रीसहून आलेल्या सॅम पानोपुलोस यांनी केला.

इटली आणि अमेरिका सोडून कोणते शहर विचारात घ्यावे?

अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयरेस. इटलीतील जेनोव्हाहून गेलेल्या स्थलांतरितांनी तिथे जाड, चीजने ओथंबलेला पिझ्झा रुजवला. त्यातील फुगाझेता या प्रकारात पिठाच्या दोन थरांमध्ये चीज आणि वर कांद्याचा ढीग असतो. पिझ्झ्याच्या तुकड्यावर हरभऱ्याच्या पिठाचा भाजलेला थर ठेवून दोन्ही एकत्र खाण्याची तिथली पद्धत मराठी जिभेला पटकन आवडेल. त्यानंतर तोक्योचे नाव घ्यावे लागते. तिथले काही कारागीर नेपल्सचेच तंत्र घेऊन भट्टीच्या फरशीवर मीठ टाकून त्यावर पिझ्झा भाजतात.

जागतिक क्रमवाऱ्यांवर विश्वास ठेवावा का?

मर्यादित अर्थाने ठेवावा. ‘फिफ्टी टॉप पिझ्झा’ या इटालियन यादीत नेपल्सजवळच्या काझेर्ता येथील इ मासानिएल्ली आणि न्यूयॉर्कमधील ऊना पिझ्झा नापोलेताना या दोघांनीही पहिला क्रमांक मिळवला आहे, आणि दोन्ही त्या मानास पात्र आहेत. पण अशा याद्यांचा कल नेपल्सच्या धाटणीकडे असतो. डेट्रॉइटचा किंवा न्यू हेवनचा पिझ्झा तिथे वर येणे कठीण आहे. शिवाय यादी दुकानांची असते, शहराची नसते.

शाकाहारी प्रवाशाने इटलीत काय मागवावे?

मारिनारा हा सर्वांत निर्धोक पर्याय आहे. कारण असे की पार्मिजानो रेज्जानो, पेकोरिनो रोमानो आणि म्हशीच्या दुधाचे संरक्षित नावाचे कांपानियाचे मोझरेला ही चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातील रेनेट (दूध गोठवणारे द्रव्य) वापरून बनवली जातात, त्यामुळे मांस नसलेला पिझ्झाही काटेकोर शाकाहारी ठरेलच असे नाही. भारतातील पाकीटबंद चीजवर हिरवे चिन्ह असेल तर त्यात वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासूनचे रेनेट असते, म्हणून हा प्रश्न आपल्याला घरी जाणवत नाही. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांसाठी मार्गारीटा सोयीचा आहे, पण चीजबद्दल विचारून घ्यावे. रोमाना किंवा नापोलेताना नावाच्या पिझ्झ्यात बहुधा अँचोव्ही मासे असतात, हे ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्राची स्वतःची पिझ्झा शैली आहे का?

माझ्या मते आहे, आणि ती आदराने पाहण्यासारखी आहे. परदेशी साखळ्या १९९६ मध्ये भारतात आल्या, पण बेकरीतून तयार पांढरा बेस आणून त्यावर टोमॅटो सॉस, कांदा, ढोबळी मिरची आणि किसलेले प्रोसेस्ड चीज घालून झाकण ठेवलेल्या तव्यावर केलेला पिझ्झा असंख्य घरांत पोहोचला तो ओव्हनशिवाय. भट्टीनुसार शैली घडते हा नियम इथेही लागू पडतो: तव्याची आच फक्त खालून येते, म्हणून बेस आधीच भाजलेला लागतो आणि चीज वाफेवरच वितळते. या पिझ्झ्याची खरी उणीव बेसमध्ये आहे. तो न आंबवल्यासारखा, कोरडा आणि बेचव असतो. बेकऱ्यांनी पीठ एक रात्र आंबवले तरी ही शैली पुष्कळ उंचावेल.

गोव्यात दोन गोष्टी अनुकूल आहेत. पोदेरांमुळे, म्हणजे तिथल्या पाववाल्यांमुळे, लाकडाच्या भट्टीचा पाव तिथे पिढ्यानपिढ्या खाल्ला जातो, आणि व्हिनेगर, मिरची व चरबीने भरलेले चोरीस (डुकराच्या मांसाचे सॉसेज) पिझ्झ्यावर अगदी योग्य बसते. त्याची चरबी सुटून पिठात मुरते, म्हणून चीज कमी घालावे.

घरच्या ओव्हनमध्ये कोणती शैली करून पाहावी?

नेपल्सची करू नये. अडीचशे अंशांत ती होत नाही. डेट्रॉइट किंवा सिसिलीची ट्रेमधली शैली निवडावी. ५०० ग्रॅम मैदा, ३५० मिलिलिटर पाणी, १० ग्रॅम मीठ आणि ३ ग्रॅम कोरडे यीस्ट एकत्र करून फ्रीजमध्ये २४ तास ठेवावे. मैदा निवडताना पाकिटावर १०० ग्रॅममागे ११ ग्रॅम किंवा अधिक प्रथिने आहेत का, ते पाहावे. उन्हाळ्यात पीठ फ्रीजबाहेर तासभरापेक्षा जास्त फुगू देऊ नये आणि यीस्ट निम्मे करावे. जाड ॲल्युमिनियमच्या ट्रेला सढळ हाताने तेल लावून पीठ त्यात बोटांनी पसरावे, पुन्हा फुगू द्यावे आणि चीज थेट कडेपर्यंत घालावे. आपल्याकडे पाकिटात मिळणारे मोझरेला कमी पाण्याचे असते, त्यामुळे ते या कामाला योग्य आहे. ओव्हन अर्धा तास आधी पूर्ण तापवावा आणि ट्रे सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवून १२ ते १५ मिनिटे भाजावे. बेसिल हवे असेल तर सब्जाची पाने वापरावीत, पूजेची तुळस नव्हे, आणि ती पिझ्झा बाहेर काढल्यावरच घालावीत.

ट्रेमधून काढलेला पिझ्झा जाळीवर दोन-तीन मिनिटे ठेवावा. ताटात लगेच ठेवला तर वाफेने तळ मऊ पडतो.